पानातला आणि मुखवासातला पुदिना: कोणता घ्यायचा, किती घ्यायचा, कशात मिसळायचा

आमच्या परभणीत मे महिन्यात दुपारचा पारा ४३-४४ ला जाऊन टेकतो आणि मेंथॉलचा खडा, म्हणजे पानात गारव्यासाठी टाकतात ते पुदिन्याचं फूल, वितळतो तोही साधारण ४२ ते ४४ लाच. म्हणजे ऐन लग्नसराईत गाडीच्या डिक्कीत ठेवलेली खड्यांची बाटली मंडपात जाऊन उघडली की आत खडे नसतातच, तेलासारखं पातळ काहीतरी डुचमळत असतं. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. झाकण सैल राहिलं, बाटली कलंडली आणि गुलकंद, खोबरं, बडीशेप, पानांची टोपली सगळ्याला एकच वास लागला. दुसरा माल आणायला वेळ नव्हता म्हणून तसंच पानाचं काउंटर लावलं, तर नवरीच्या मामानं पहिलं पान तोंडात टाकलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, हे पान हाय का डोकं दुखायचा बाम?" त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी चारशे पानं तशीच गेली आणि आजही आठवलं की वाईट वाटतं, कारण लग्नातलं पान लोक हौसेनं खातात, जेवणाची शेवटची चव तीच तोंडात राहते.

तेव्हापासून प्रत्येक काउंटरचं प्रमाण मी वहीत लिहून ठेवतो. आता आपल्याकडं बरीच पोरं लग्नात पानाचं काउंटर लावायलेत, घरच्या घरी मुखवास करून विकणाऱ्या ताया पण वाढल्यात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की दादा ठंडक किती टाकायची. फोनवर सांगून ते समजत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. माझं पान बिनतंबाखूचं आणि बिनसुपारीचं असतं, त्यामुळं खालची सगळी प्रमाणं त्याच हिशोबानं आहेत.

वास वेगळा, गारवा वेगळा

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. आपण पुदिना म्हणलं की दोन गोष्टी एकत्र धरतो, एक तो हिरवा ताजा वास आणि दुसरं तोंडात गार वारं शिरल्यासारखं वाटणं. पण या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पदार्थांतून येतात. आपल्या घरच्या कुंडीतला, चटणीतला पुदिना चुरगाळला तर वास भरपूर येतो पण तोंडात गारवा थोडाच लागतो. त्या वासाचा मुख्य मालक कार्व्होन नावाचा घटक आहे. गारवा येतो मेंथॉलमुळं. आणि गंमत म्हणजे मेंथॉल तोंड खरोखर गार करतच नाही, थर्मामीटर लावला तर फरक दिसणार नाही. आपल्या जिभेच्या आणि कातडीच्या नसांवर थंडी ओळखणारं एक दार असतं, ते थंड वाऱ्यानं उघडतं तसंच मेंथॉलनंही उघडतं आणि मेंदूला निरोप जातो की गार लागलं. हे दार २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या प्रयोगशाळेत वेगवेगळं शोधलं, आणि उष्णता, थंडी, स्पर्श आपल्याला कसा कळतो या सगळ्या कामासाठी २०२१ चं नोबेल त्यांनाच मिळालं.

पानवाल्याला याचा उपयोग काय, तर हा. ते दार सारखं सारखं ठोठावलं की थोड्या वेळानं उघडायचं कमी होतं. म्हणूनच आपण मिश्रण चाखत चाखत ठंडक वाढवत जातो, पाचव्या चमच्याला आपल्याला काहीच गार लागत नाही, आपण अजून टाकतो, आणि ज्याची जीभ ताजी आहे त्या पाहुण्याच्या डोळ्यात पाणी येतं. दहातल्या आठ काउंटरवर ठंडक जास्त होते ती यामुळंच होते असं माझं ठाम मत आहे.

पहिलं काम, पुदिना ओळखून घेणे

बाजारात पुदिन्याच्या नावावर तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि दुकानदार तिन्हीला कधी पिपरमिंट म्हणतो, कधी ठंडक म्हणतो, त्यामुळं नावावर न जाता नाकावर जायचं.

एक म्हणजे पाला. भाजीवाल्याकडं जुडी मिळते तो, गोडसर वासाचा, यात मेंथॉल नगण्य. मुखवासात सुका घालायला हाच बरा. दुसरा खरा पेपरमिंट, याच्या तेलात मेंथॉल साधारण ३५ ते ५० टक्के असतं, वासाला जरा तिखट आणि स्वच्छ, इंग्रजी गोळ्यांसारखा. याचं अस्सल तेल महाग असतं आणि आपल्या गावातल्या दुकानात फार कमी सापडतं. तिसरा जपानी पुदिना, ज्याला व्यापारी मेंथा म्हणतात. हा उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूं, संभल, रामपूर या पट्ट्यात शेताशेतानं लावतात, लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं त्याचे कोसी, सिम-क्रांती असे वाण काढलेत, आणि त्याच्या तेलात ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं. आपण जे पांढरे सुईसारखे खडे विकत घेतो, पुदिन्याचं फूल किंवा सतपुदिना म्हणून, ते बहुतेक वेळा यातूनच निघालेले असतात.

आता फसगत कुठं होते ते सांगतो. मेंथ्याचं तेल थंड करून खडे काढून घेतले की खाली जे तेल उरतं तेही बाजारात येतं आणि स्वस्त मिळतं. त्यात वास असतो पण जरा कडवट, गवताळ, आणि गारवा कमी. नवा माणूस ते पिपरमिंट तेल म्हणून घेतो, गार लागत नाही म्हणून जास्त टाकतो आणि पान कडू होतं. घरी तपासायला एक साधा उपाय आहे, थोडं तेल छोट्या काचेच्या बाटलीत घालून रात्रभर फ्रीजरला ठेवा, भरपूर मेंथॉल असलेल्या मेंथ्याच्या तेलात सकाळी सुया धरलेल्या दिसतात, खडे काढून घेतलेलं तेल बहुधा पातळच राहतं. अस्सल पेपरमिंटला ही परीक्षा लागू नाही कारण त्यात मेंथॉलच कमी, तिथं नाक आणि खात्रीचा दुकानदार यावरच भागवावं लागतं.

माझा सल्ला म्हणाल तर सुरुवातीला तेलाच्या नादीच लागू नका. सुका पाला वासासाठी आणि खडे गारव्यासाठी, बस्स. दोन्ही वेगवेगळे हातात असले की कमीजास्त करता येतं. खडे घेताना पाकिटावर खाण्यायोग्य असं लिहिलेलं आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, परवाना क्रमांक असलेलाच माल घ्या, सुटा पुडीत बांधून दिलेला नको, तो कशासाठी बनवलेला आहे कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडचे बरेच जण हैदराबादच्या बेगम बाजारातून ठोक माल आणतात, रेल्वेनं जाऊन येतात, भाव चांगला पडतो पण तिथंही बंद पाकीटच मागायचं.

मिंट हुक्क्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी

हल्ली कॉलेजची पोरं काउंटरवर येऊन विचारतात की दादा तुम्हाला मिक्सिंग येतं तर हुक्क्याचा मिंट पण करून द्या ना. मी देत नाही, आणि का देत नाही ते इथंच लिहून टाकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि २०१८ च्या कायद्यानं हुक्का पार्लरवर बंदी आली, हे तर आहेच. पण खरं कारण वर सांगितलेलं ते गारव्याचं दार आहे. धूर घशाला टोचतो, ठसका येतो, ती शरीराची नको म्हणण्याची रीत आहे. मेंथॉल ते टोचणं झाकतं, घसा गार लागतो, मग झुरका खोल जातो आणि नवीन पोराला पहिल्याच दिवशी धूर सोसतो. युरोपियन युनियननं मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगारेटी बंद केल्या त्यामागं हेच होतं. जी वस्तू जेवणानंतर तोंडाला सुख देते तीच धुरासोबत गेली की अंगाचा पहारेकरी झोपवते. माझा आतेभाऊ असाच फ्लेवरवरून चालू झाला आणि आता बिड्यांवर आहे. सुपारीचंही तसंच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू नसली तरी. म्हणून मी पानातून तंबाखू आणि सुपारी दोन्ही काढून टाकलं आणि धंदा काही कमी झाला नाही, उलट बायका आणि म्हातारी माणसं जास्त येतात.

पाला वाळवणं

हे आपल्या मराठवाड्यात फार सोपं आहे, हवा इतकी कोरडी की एप्रिलमध्ये सावलीत दोन दिवसांत पान हातात चुरा होतं. देठ काढून टाका, पानं धुऊन पंख्याखाली पाणी पूर्ण जाऊ द्या, मग सुती धोतरावर एक थर पसरून घरात सावलीला ठेवा. उन्हात ठेवलं की रंग काळपट पडतो आणि वास उडून जातो, आई लोक सवयीनं माळवदावर नेऊन टाकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. एक किलो निवडलेल्या पानांचं वाळून सव्वाशे ते दीडशे ग्रॅम होतं. पावसाळ्यात वाळवूच नका, बुरशीचा कुबट वास धरतो. चुरा करायची घाई नको, पानं अख्खी ठेवा आणि मिसळायच्या दिवशी हातानं चोळा, चोळल्याबरोबर तासाभरात अर्धा वास निघून जातो.

खडे सरळ टाकायचे नाहीत, आधी पसरवणी करायची

आता मुख्य काम. मेंथॉल इतकं जोरकस आहे की एक किलो मुखवासाला अर्धा ग्रॅम पुरतं. अर्धा ग्रॅम किलोभर बडीशेपीत सारखं पसरवणं हातानं शक्यच नाही, कुणाच्या चमच्यात काहीच येत नाही आणि कुणाच्या दाताखाली अख्खा खडा येतो. पाण्यात विरघळवून शिंपडावं म्हणलं तर लिटरभर पाण्यात ते अर्धा ग्रॅमही धड विरघळत नाही. म्हणून आधी पसरवणी, म्हणजे खडे साखरेत किंवा खोबऱ्यात सारखे मिसळून घ्यायचे. तिच्या दोन रीती मी वापरतो आणि दोन्हीची चव वेगळी पडते.

कोरड्या मुखवासाला साखरेची. खडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे कडक राहतात. छोटा डिजिटल काटा लागतो, सोनाराकडं असतो तसा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा, ऑनलाईन तीन-चारशे रुपयांत येतो आणि त्याच्याशिवाय हे काम करूच नका. एक ग्रॅम खडे खलबत्त्यात घेऊन त्यात तेवढीच पिठीसाखर घालून घोटा. बारीक झालं की अजून दोन ग्रॅम साखर, मग चार, मग आठ, असं प्रत्येक वेळी जितकं आहे साधारण तितकंच घालत ९९ ग्रॅम साखर संपवा. एकदम शंभर ग्रॅम साखरेत टाकून मिक्सर फिरवला तर चालत नाही का, नाही चालत, मिक्सर तापतो, मेंथॉल वितळून भांड्याला चिकटतं आणि झाकण उघडलं की डोळे झोंबतात. ही तयार झाली मेंथॉल साखर, हिच्या १० ग्रॅममध्ये ०.१ ग्रॅम मेंथॉल. बरणीत घट्ट बंद करून एक रात्र ठेवा, वास साखरभर सारखा बसतो.

पानाला खोबऱ्याची. मेंथॉल पाण्यात जात नाही पण तेलात सहज जातं, आणि खोबऱ्याच्या किसात तेल असतंच. एक ग्रॅम खडे वाटीत घेऊन गरम पाण्यावर वाटी धरा, वितळले की लगेच चमचाभर किसात ओता, बोटांनी चोळा, मग हळूहळू सगळा १०० ग्रॅम कीस त्यात मिसळत जा. साखर तोंडात पटकन विरघळते म्हणून साखरेतला गारवा झटकन येतो आणि झटकन जातो. खोबऱ्यातला गारवा चावता चावता सुटतो, सावकाश, शेवटपर्यंत. पान दोन-तीन मिनिटं चघळायची वस्तू आहे म्हणून तिथं खोबरंच पाहिजे. चोळताना हात डोळ्याला लागू देऊ नका, आणि नंतर साबणानं धुवा, नुसत्या पाण्यानं ते जात नाही.

मुखवासाचं माझं प्रमाण

किलोभर होतो. लखनवी बडीशेप ५०० ग्रॅम, धनाडाळ २००, पांढरे तीळ १००, बाळंतशोपा ५०, जवस ५०, ज्येष्ठमधाची पूड २०, वेलची पूड १०, सुका पुदिना २० आणि मेंथॉल साखर ५० ग्रॅम. म्हणजे किलोत अर्धा ग्रॅम मेंथॉल आलं. बडीशेप, तीळ, जवस, शोपा वेगवेगळं मंद भाजायचं, परातीत पसरून पूर्ण गार करायचं, हाताला जरासुद्धा कोमट लागता कामा नये, मग वेलची, ज्येष्ठमध, चोळलेला पुदिना, आणि अगदी शेवटी मेंथॉल साखर. गरम मालात टाकली की मेंथॉल वाफ होऊन स्वयंपाकघरात फिरतं आणि मुखवासात साखर तेवढी उरते. मग डबा बंद करून २४ तास कुणाला द्यायचा नाही. ताज्या मिश्रणात गारवा वर वर लागतो, दुसऱ्या दिवशी तो बडीशेपीत मुरतो.

बाळंतशोपा का घालतो याचं लोकांना नवल वाटतं. आजीनं सवयीनं घालायला लावला होता, मला नंतर कळलं की शोप्यातही कार्व्होनच असतं, पुदिन्यातलंच, फक्त आरशात बघितल्यासारखं उलटं. डाव्या आणि उजव्या हाताचा पंजा सारखाच पण हातमोजा एकमेकांचा बसत नाही, तसं. एकाचा वास आपल्याला पुदिन्याचा लागतो, दुसऱ्याचा शेपूचा. दोन्ही एकत्र आले की पुदिन्याचा वास नुसता हिरवा राहत नाही, त्याला जरा भाजका मसाल्याचा बुड येतो. ५० ग्रॅमच्या वर मात्र नको, बाळंतिणीच्या खोलीचा वास येतो.

वेलचीचंही असंच, तिच्यात सिनिओल नावाचा घटक आहे तो स्वतःच थोडा गार लागतो. त्यामुळं वेलची दहाची पंधरा ग्रॅम केली तर मेंथॉल साखर ५० वरून ४० वर आणता येते आणि गारवा जास्त गोल, कमी टोचरा लागतो. लवंग मात्र जपून. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं, मेंथॉलही जास्त झालं तर बधिर करतं, दोन्ही मिळून चवच कळत नाही. ज्यात मेंथॉल आहे त्यात मी लवंग पूड घालतच नाही, पानाला टोचायला अख्खी लवंग लावली तर ती बाजूला काढून ठेवता येते.

जालन्याच्या मोसंबीचा हंगाम आला की एक वेगळा मुखवास करतो, तो माझा सगळ्यात आवडता. मोसंबीची वरची पातळ साल किसणीनं काढायची, पांढरा भाग आला की कडू, ती सावलीत वाळवून किलोला १५ ग्रॅम, सुका पुदिना २० चा २५, आणि मेंथॉल साखर फक्त २५ ग्रॅम. इथं गारवा मागं ठेवायचा आणि वास पुढं आणायचा. लिंबूवर्गी सालीत लिमोनीन असतं आणि पुदिन्याच्या वासाचं कार्व्होन कारखान्यात संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनपासूनच बनवतात, इतकं त्यांचं नातं जवळचं आहे. संत्र्याची साल वापरली तरी चालते पण मोसंबीचा वास जास्त सौम्य.

पानात मिसळताना आधी पान बघा

सगळ्या पानांना एकच ठंडक चालत नाही. कलकत्ता पान मोठं, जाड, तिखट, त्याचा स्वतःचा झणका आहे म्हणून त्याला जरा जास्त गारवा सोसतो. बिहारचं मघई इतकं मऊ की तोंडात विरघळतं, त्याला कलकत्त्याच्या निम्मं. बनारसी पिकवलेलं पान मधलं. कपुरी फार सौम्य, त्याला मी मेंथॉल लावतच नाही, चिमूटभर चोळलेला पुदिना आणि वेलची बस्स.

कलकत्ता मसाला पानासाठी, १०० पानांचा हिशोब धरा. गुलकंद १ किलो म्हणजे पानाला १० ग्रॅम, आणि वर सांगितलेला मेंथॉलचा कीस ५० ग्रॅम अधिक साधा कीस २५० ग्रॅम आधी एकत्र करून पानाला ३ ग्रॅम. म्हणजे एका पानात ५ मिलिग्रॅम मेंथॉल पडतं. कमी वाटत असेल तर मेंथॉलचा कीस ५० वरून १०० ग्रॅमपर्यंत न्या, त्याच्या वर मी कधीच गेलो नाही. मघईला पान लहान म्हणून सगळंच निम्मं.

गुलकंदात सुका पुदिना घालू नका, हे माझं आग्रहानं सांगणं आहे. गुलाब हा नाजूक वास आहे आणि पुदिन्याचा हिरवा वास त्याच्यावर बसला की चटणीची आठवण येते. गुलकंदाबरोबर नुसता गारवा जमतो, वास नाही. उलट चॉकलेट पानाला पेपरमिंटचा तिखट स्वच्छ वास फार शोभतो, तिथं अस्सल तेल मिळालं तर वितळलेल्या पाव किलो चॉकलेटमध्ये दोन थेंब, त्याहून एक थेंब जास्त नको. आंब्याचं पान करता का कुणी, केशरच्या दिवसांत मी करतो, त्यात आंबापोळीचे तुकडे आणि ताज्या पुदिन्याचं एक कोवळं पान, मेंथॉल अजिबात नाही, कारण गारव्यानं आंब्याचा गोडवा चपटा होतो.

लावायचा क्रम असा. चुना अगदी पुसट, त्यावर कात, दोन्ही नीट पसरलेले, मग बडीशेप धनाडाळ, मग गुलकंद, आणि मेंथॉलचा कीस गुलकंदाच्या मधोमध. पानाच्या अंगाला कीस थेट लागला तर खाणाऱ्याच्या गालाला एकाच जागी झोंबतं. बरेच जण पान वळून झाल्यावर वरून ठंडक पावडर भुरभुरतात, दिसायला छान, पण ओठाला आधी लागते आणि पानाची चव कळायच्या आत गार, म्हणून मला ते पटत नाही. संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरला गेलात तर घाईनं खाऊन निघू नका, जरा बाजूला उभं राहून लावणाऱ्यांचे हात बघा, किती थोडं थोडं घेतात ते.

पानं फ्रीजमध्ये ठेवून गार देणार असाल तर मेंथॉल पाव हिश्शानं कमी करा. थंड वस्तूनं ते दार आधीच अर्धं उघडलेलं असतं, त्यात मेंथॉल पूर्ण दिलं तर दातात कळ जाते. याच कारणानं डिसेंबरच्या लग्नाला मी मे महिन्यापेक्षा कमीच टाकतो.

चाखायची रीत

तीन वाट्या घ्या, एकाच मुखवासाच्या, एकीत किलोला २५ ग्रॅम मेंथॉल साखरेचं प्रमाण, एकीत ५०, एकीत १००. खाली चिठ्ठी लावा. कमीकडून जास्तीकडं जा, उलटं नाही. प्रत्येक चमच्यानंतर मुरमुरे खा, साधं पाणी प्या आणि पंधरा मिनिटं थांबा, खरंच घड्याळ लावून थांबा. आणि उपाशी पोटी चाखू नका. आपल्याकडच्या लग्नात वांग्याची झणझणीत भाजी, वरण-बट्टी, जिलेबी खाऊन माणूस पानाकडं येतो, तेव्हा त्याचं तोंड तेलकट आणि तिखट असतं. तुम्हीही तसंच जेवून चाखलं तरच अंदाज खरा येतो. घरातल्या दोघातिघांना द्या, त्यात एक साठीच्या पुढचं माणूस असू द्या. त्यांना काय विचारायचं, तर गार लागलं का हे नाही, बडीशेप लागली का हे विचारायचं. बडीशेप कळली नाही म्हणले तर ठंडक जास्त झाली.

जास्त झालीच तर वरून साखर घालून काही होत नाही, साध्या मिश्रणाचा दुसरा घाणा करून त्यात थोडं थोडं मिसळत जा. म्हणूनच मी नेहमी किलोभर साधा मुखवास बाजूला ठेवून देतो.

कापूर, लेकरं आणि बाकी सांभाळायच्या गोष्टी

काही जुने लोक ठंडकीसाठी पानात कापूर घालायचे. मी सांगेन घालू नका. पूजेचा कापूर खायचा नसतोच, आणि कापूर पोटात जास्त गेला तर झटके येतात, लेकरांना तर थोड्यानंही. मेंथॉल, कापूर आणि ओव्याचं फूल एकत्र ठेवलं की तिन्ही कोरड्या वस्तू आपोआप पातळ होतात, तीच अमृतधारा. हे औषध आहे, थेंबाच्या हिशोबानं घ्यायचं, ते मुखवासात ओतायचं नाही. आणि हो, यावरून एक लक्षात ठेवा, मेंथॉलच्या बरणीशेजारी ओव्याचं फूल किंवा कापूर उघडा ठेवू नका, चिखल होतो.

लहान बाळाच्या नाकातोंडाजवळ मेंथॉल अजिबात नेऊ नका, त्यांचा श्वास अडकू शकतो. सर्दी झाली म्हणून बोटावर घेऊन हुंगवणारे लोक मी मंडपात बघितलेत आणि धावत जाऊन हात धरलेत. पाच-सहा वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी मी बिनमेंथॉलचं, गुलकंद-खोबऱ्याचं पान वेगळ्या ताटात ठेवतो. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ होते त्यांना पुदिन्यानं ती वाढू शकते कारण अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, त्यांना साधी बडीशेप द्या. ज्येष्ठमधानं बीपी वाढतं म्हणून बीपीवाल्यांसाठीच्या डब्यात ते वगळा. मेंथॉलची खायची मर्यादा तज्ज्ञांनी वजनाच्या किलोला दिवसाला ४ मिलिग्रॅम धरलीय, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २००, वरच्या प्रमाणात आपण त्याच्या फार खाली राहतो, पण जे लोक अंदाजानं चमच्यानं खडे टाकतात त्यांचं एक पान कुठं जातं कुणाला माहीत.

ठेवायचं कसं, तर खडे काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण, त्यावर टेपचे दोन वेढे, आणि ती बाटली वेगळ्या स्टीलच्या डब्यात. पातळ प्लास्टिकमधून वास बाहेर झिरपतो आणि शेजारच्या गुलकंदात जाऊन बसतो. उन्हाळ्यात काउंटरला जाताना मी खडे नेतच नाही, मेंथॉल साखर आणि कीस घरूनच तयार करून, बर्फाच्या पाण्याच्या जारशेजारी ठेवून नेतो. खडे डब्यात वितळून परत एक गोळा झाला असेल तर फेकू नका, माल खराब होत नाही, थंड करून फोडा आणि पुन्हा वजन करूनच वापरा. गुलाबाच्या पाकळ्या आणि मेंथॉल एकाच गाडीत न्यायचं असेल तर मात्र पाकळ्या पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसा. मी अजूनही तसंच करतो.